आधी जागा, मग गोष्ट : लहानपणीच्या आघातांवर ऑनलाइन थेरपी सुरू करताना

ऑनलाइन थेरपीबद्दल कुणी विचारायला आलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. थेरपिस्ट कोण चांगला, फी किती, ॲप कोणतं? मी आधी एकच विचारतो : पाऊण तास कुणी दार वाजवणार नाही अशी जागा आहे का तुमच्याकडं?

मी थेरपिस्ट नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. पुढच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. मागं एक बारकी खोली आहे, ती अशा कॉलसाठी लोकांना वापरायला देतो. आत काय बोलणं होतं ते मला माहीत नसतं, असूही नये. पण आत जाण्याआधी लोक कुठं अडतात आणि बाहेर आल्यावर काय विचारतात, हे बघत आलोय. त्यावरून आणि या विषयावर जे वाचत गेलो त्यावरून हे लिहितोय.

हे आपल्याला लागू आहे का?

एकदाच बसलेला धक्का आणि वर्षानुवर्षं होत राहिलेला त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा घरातला किंवा जवळचाच असतो, लेकराचं जेवणखाण त्याच्याच हातात असतं आणि पळून जायला जागा नसते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये अशा लांबलेल्या आघाताचे परिणाम वेगळे काढून मांडले. पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आलं. पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागं राहणारा मानसिक आजार. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

या निदानात पीटीएसडीच्या तीन खुणा असतात. जुनी घटना आत्ता घडतेय अशी परत परत अनुभवास येते, तिची आठवण देणारी माणसं-जागा टाळाव्या वाटतात, आणि शरीर सतत सावध राहतं. त्यावर आणखी तीन : भावना आवरत नाहीत किंवा अजिबात जाणवत नाहीत, ‘मीच वंगाळ’ ही समजूत खोल रुतलेली असते, आणि माणसांच्या जवळ टिकता येत नाही.

माझ्याकडं येणारं कुणी हे असं सांगत नाही. ते सांगतात की बाप जाऊन किती वर्षं झाली, पण गल्लीत तशा मोटारसायकलचा आवाज आला की अजून पोटात गोळा येतो. सासूनं आवाज चढवला की हातपाय गार पडतात आणि पुढचा तास कसा गेला ते आठवत नाही. झोपेत कुणाचा हात लागला तर अंगावर धावून जायला होतं. कुणी कौतुक केलं की वाटतं, याला अजून माझं खरं कळलेलं नाही.

आपल्या भागात यामागं काय काय असतं, ते बाहेरच्या थेरपिस्टला बहुतेक समजावून सांगावं लागतं. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातनं कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. लेकरं मायबापाबरोबर कारखान्याच्या फडात कोपीवर राहतात, नाहीतर गावात आजीकडं, चुलत्याकडं उरतात. पाच-सहा महिने त्यांच्याशी कोण कसं वागलं हे कुणी विचारत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या पोरी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या पट्ट्यात ढिगाऱ्याखालनं काढलेली लेकरं आता चाळिशीच्या आसपास आहेत. भूकंप एका पहाटेचा होता, पण त्यानंतर पोरकेपणात आणि नातेवाइकांच्या दारात काढलेली वर्षं लांबलचक होती. शाळेतला मार, बापाची दारू, ‘काळी’ म्हणून केलेला दुजाभाव, वस्तीवरून आणि जातीवरून झालेला अपमान, हे तर गावोगाव आहे.

यातल्या पुष्कळ ठिकाणी एक दुष्ट माणूस बोट दाखवायला सापडत नाही, आणि लोक तिथंच अडतात. मायबापानं हाडाची काडं केली, त्यांच्याबद्दल मी परक्यापुढं बोलू? बोला. थेरपीत कुणावर खटला चालत नाही. उपाशी राहून वाढवणारी माय आणि रागाच्या भरात चटका देणारी माय एकच असू शकते. दोन्ही खरं धरून काम करता येतं, आणि चांगला थेरपिस्ट तसंच करतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मोबाइलवरचे रील बघून स्वतःचं निदान पक्कं करू नका, ते तज्ज्ञाकडून होऊ द्या. आणि सततचा थकवा, धडधड, झोप न लागणं यासाठी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. दुखणं शरीराचं असेल तर त्याचा वेगळा इलाज आहे. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी देवऋषीकडं नेलेलं असेल, तर त्याची लाज बाळगू नका. घरच्यांना जो रस्ता माहीत होता त्या रस्त्यानं ते गेले. फक्त तिथं मारहाण, उपाशी ठेवणं, चटके असलं काही चालत असेल तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

ऑनलाइन कधी नको

त्रास देणारा माणूस आजही त्याच घरात असेल आणि तो फोन तपासत असेल, तर घरातनं ऑनलाइन थेरपी सुरू करणं धोक्याचं ठरू शकतं. आधी सुरक्षितता बघा. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ आणि जिवाला धोका असेल तर ११२. स्वतःला संपवण्याचा विचार योजनेपर्यंत गेला असेल, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, दारू रोजची झाली असेल किंवा तासन्‌तास स्वतःचं भान हरपत असेल, तर समोरासमोर डॉक्टर हवा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून सरळ ओपीडीत जाता येतं. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. आपल्याकडं एकही नाही, म्हणून लोकांना वाटतं की इलाजच नाही. तसं नाही.

वय अठराच्या आत असेल तर पालकांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्यावं लागतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याच्यावर ते पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. थेरपिस्टही त्यातनं सुटत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर विश्वासानं सांगितलं आणि पुढं पोलीस आले, असं वाटून माणूस परत तोंड उघडत नाही.

जागा

शहरातल्या लेखांत ‘शांत खोली निवडा’ एवढं एक वाक्य असतं. आपल्याकडं हाच सगळ्यात मोठा भाग आहे, म्हणून इथं रेंगाळतो.

शेतातला आखाडा चांगला, पण तिथं रेंज येते का ते आधी त्याच वेळेला जाऊन बघा. सकाळी मिळणारी रेंज संध्याकाळी मिळेलच असं नाही. माळवदावर किंवा गच्चीवर आवाज शेजारी जातो, त्यामुळं तिथं ऐकणं जमतं, सांगणं जमत नाही. उभी केलेली चारचाकी उत्तम, फक्त उन्हाळ्यात दुपारची वेळ घेऊ नका. मैत्रिणीचं घर, शाळा सुटल्यावरचा वर्ग, ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली रिकामी खोली, अभ्यासिका, यातलं काहीही चालेल. देऊळ नको. तिथं कुणीतरी येऊन बसतंच, आणि ‘कामून एकटी बसलीस गं माय?’ असं विचारतंही.

जागा मिळाली की एक रंगीत तालीम करा. आत बसून मोबाइलवर कुणाशीही नेहमीच्या आवाजात बोला आणि दुसऱ्याला बाहेर उभं करा. शब्द कळतात का विचारा. कळत असतील तर दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावा. इअरफोन वायरचा घ्या, ऐन वेळी चार्जिंग संपत नाही. इअरफोननं समोरच्याचा आवाज झाकला जातो, तुमचा नाही, हे लोक विसरतात. फारच अडचण असेल तर काही भाग चॅटमध्ये टाइप करून सांगता येतो. ‘चुलता’ हा शब्द तोंडानं उच्चारता येत नसेल तर तो टाइप करा. बरेच थेरपिस्ट हे मान्य करतात, फक्त आधी विचारा.

‘कुणाशी बोलत होतीस?’ याचं उत्तर तयार ठेवा. खोटं बोलायला सांगत नाही, पण सगळं सांगायचं बंधनही नाही. ‘तब्येतीसाठी डॉक्टरांचा सल्ला घेतेय’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

आता फोन. घरात एकच मोबाइल असेल तर मेसेज, कॉलची यादी, कॅलेंडरची सूचना, यूपीआयचा इतिहास, सगळ्यात थेरपिस्टचं नाव दिसतं. व्हॉट्सॲपवर ती चॅट लॉक करा, सूचनांमध्ये मजकूर दिसणं बंद करा. पैसे भरल्याचा मेसेज नवऱ्याच्या किंवा बापाच्या नंबरवर जातो का ते बघा, कारण पुष्कळ पोरींच्या खात्याला नंबर दुसऱ्याचाच जोडलेला असतो. तसं असेल तर कुणा भरवशाच्या माणसाच्या खात्यातनं फी भरायची सोय आधी लावा.

डेटाचंही बघा. पाऊण तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी लागू शकतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर त्या दिवशी घरातल्या पोरांना मोबाइल देऊ नका. रेंज डळमळीत असेल तर व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर बोला, तेही जमत नसेल तर साधा कॉल. पहिली एक-दोन भेट मात्र व्हिडिओवर व्हावी. समोरचा माणूस कसा ऐकतो, हे चेहऱ्यावर दिसतं.

माणूस शोधणं

आधी कोण काय करतं ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते निदान करतात, गोळ्या देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. खरा माणूस यावर चिडत नाही. समुपदेशकांचं चित्र पसरट आहे. मानसशास्त्रात एमए करून चांगलं प्रशिक्षण घेतलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलेही आहेत. म्हणून पाटी बघू नका. शिक्षण कुठं झालं, ट्रॉमाचं, म्हणजे आघातावरच्या कामाचं, वेगळं प्रशिक्षण घेतलंय का आणि स्वतःच्या कामावर वरिष्ठांचं मार्गदर्शन, म्हणजे सुपरव्हिजन, घेता का, हे विचारा.

कुठनं सुरू करावं कळत नसेल तर टेलिमानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढं तज्ज्ञांकडं जोडून देतात. इथं दर आठवड्याला तोच माणूस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. लांबच्या थेरपीसाठी ही जागा नाही, पहिलं दार म्हणून आणि रात्री-अपरात्रीच्या आधारासाठी मात्र चांगली आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवाही फोन, ईमेल आणि चॅटवर चालते.

थेरपिस्ट पुण्या-मुंबईचा असला तर बिघडत नाही. उलट गावातला नसल्यामुळं बाजारात भेट होणार नाही, आणि त्याची मेव्हणी तुमच्या मावशीची जाऊ निघणार नाही. ऑनलाइनचा हा फायदा आपल्याकडं फीच्या सोयीपेक्षा मोठा आहे. मात्र बोलताना पुस्तकी मराठीची सक्ती स्वतःवर करून घेऊ नका. जे घडलं ते ज्या बोलीत घडलं त्याच बोलीत सांगा. समोरच्याला एखादी गोष्ट कळली नाही तर तो विचारेल. न विचारता मान डोलावत राहिला तर दुसरा बघा.

पहिला मेसेज काय लिहावा यातच आठवडे जातात. हा उतरवून घ्या, हवा तसा बदला :

‘नमस्कार. माझं वय ३१, मी जालना जिल्ह्यात राहते. लहानपणी घरात बराच काळ त्रास झाला, त्याचे परिणाम आजही जाणवतात. त्यावर ऑनलाइन थेरपी सुरू करायची आहे. आपण अशा प्रकारचं काम करता का? मराठीतनं बोलता येईल का? फी किती आणि सध्या वेळ आहे का? कृपया फोन न करता मेसेजवरच उत्तर द्यावं, सोयीची वेळ संध्याकाळी ५ ते ६.’

एवढंच. काय झालं होतं ते यात लिहू नका. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका, नाहीतर भर जेवणाच्या वेळी फोन येतो आणि घरातलं भलतंच कुणी उचलतं.

पहिल्या बोलण्यात हे विचारून घ्या : माझी माहिती कुणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगाल? सेशन रेकॉर्ड करता का? नोंदी कुठं ठेवता? मध्येच मला फार त्रास झाला तर काय कराल? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल अशा काही प्रसंगी त्याला अपवाद आहेत, आणि चांगला थेरपिस्ट ते अपवाद स्वतःहून सांगतो.

कुणापासून लांब राहावं? तीन सेशनमध्ये बरं करतो म्हणणारा. ‘आईवडिलांना माफ करा, सगळं सुटेल’ असं पहिल्याच दिवशी सांगणारा. संमोहनानं हरवलेल्या आठवणी बाहेर काढून देतो म्हणणारा, कारण अशा प्रयत्नांत न घडलेल्या गोष्टींच्याही आठवणी तयार होऊ शकतात. पत्रिका मागणारा. वीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारा. रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज करणारा, किंवा अत्याचाराचे तपशील गरजेपेक्षा जास्त खोदून विचारणारा. शेवटच्या दोघांचा नंबर तिथंच ब्लॉक करा, सौजन्य दाखवायची गरज नाही. आणि मोबाइलमधल्या एआय चॅटबॉटशी मन मोकळं करणारी पोरं अलीकडं बरीच दिसतात. रात्री दोन वाजता कुणीच नसतं, हे मला कळतं. पण तुम्ही बोलता बोलता गोठून गेलात तर त्याला ते दिसत नाही, आणि तुमच्या गावच्या जवळचा दवाखाना कोणता हे त्यानं आधी लिहून घेतलेलं नसतं.

पैसे

खासगी ऑनलाइन सेशनला साधारण हजार ते दोन हजार रुपये पडतात, कुठं कमी, कुठं जास्त. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला चार ते आठ हजार. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हा महिन्याचा किराणा आहे. मागायला लाजू नका : ‘मला ५०० पर्यंत परवडतं, कमी फीची जागा आहे का?’ काही थेरपिस्ट अशा जागा मुद्दाम राखून ठेवतात. नाही तर पंधरा दिवसांनी एक सेशन घ्या आणि मधल्या आठवड्यात दिलेला सराव करा. सरकारी रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर तिथंही विचारा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचून घ्या. कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, बसून केलेल्या थेरपीच्या नसतात.

पहिले काही आठवडे : गोष्ट थांबू द्या

माणूस कितीतरी वर्षं गप्प राहिलेला असतो. ऐकणारं कुणी मिळालं की पहिल्याच दिवशी सगळं ओतावंसं वाटतं. तसं करू नका. पाऊण तासात सगळं सांगून फोन बंद होतो, समोरचा पुण्यात राहतो आणि तुम्ही आखाड्यावर एकटे. त्या रात्री झोप येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात लोक फोन उचलत नाहीत. कठडा नसलेल्या आडात वाकून बघायचं नसतं, आधी कठडा बांधायचा.

या आघातावरचं काम जुन्या पद्धतीप्रमाणं तीन टप्प्यांत मांडतात : आधी स्थिरता, मग आठवणींवर काम, मग पुढचं जगणं. टप्पे काटेकोर नसतात, मागंपुढं होतात. सगळ्यांनाच पहिला टप्पा फार लांबवायची गरज नसते असंही काही तज्ज्ञ म्हणतात. पण ऑनलाइन असताना, आणि आजूबाजूला कुणाला माहीत नसताना, माझं मत पहिल्या टप्प्याच्या बाजूनं आहे. थेरपिस्ट पहिल्या काही भेटींत तुमचं रोजचं जगणं, झोप, आधाराची माणसं याबद्दलच विचारत असेल तर वेळ वाया जातोय असं समजू नका.

पहिल्याच सेशनला थेरपिस्टकडं हे लिहून द्या : तुम्ही नेमके कुठं बसलाय तो पत्ता, खुणेसकट. जवळचा दवाखाना कोणता. आणि गरज पडली तर ज्याला फोन करता येईल असा एक माणूस. या माणसाला तुमची कहाणी माहीत असायची गरज नाही. ‘अमुक मॅडमचा फोन आला तर माझ्याकडं ये’ एवढं सांगून ठेवलं तरी पुरे. जागा बदलली तर त्या दिवशी कॉलच्या सुरुवातीलाच सांगा.

रेंज गेली तर काय, हेही त्याच दिवशी ठरवा. ती जाणारच आहे. पाऊस आला, लाइट गेली, टॉवर बंद. बोलत होतात त्या वाक्यातच आवाज तुटला की लहानपणीचं ‘मला परत टाकून दिलं’ हे डोकं वर काढतं. म्हणून करार करा : कॉल तुटला तर थेरपिस्ट साध्या नंबरवर फोन करेल, तोही लागला नाही तर मेसेज, आणि दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर सेशन त्या दिवसापुरतं थांबलं असं समजायचं, अर्धवट गोष्ट पुढच्या वेळी. करार कागदावर लिहून समोर ठेवा. गोंधळलेल्या क्षणी आठवत नाही, वाचता येतं.

स्थिर होण्याचे सराव थेरपिस्ट शिकवेलच. त्यातला सगळ्यात साधा : दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वास येणाऱ्या दोन आणि चवीची एक मनात मोजायची. आपल्याकडं यासाठी सामान भरपूर आहे. मुठीत ज्वारी घेऊन दाणे बोटांनी फिरवा, माठातलं गार पाणी मनगटावर घ्या, बाभळीच्या खोडावर तळवा टेकवा. पाय जमिनीला लावून तारीख, वार, गाव आणि स्वतःचं आजचं वय मोठ्यानं म्हणा. जुनी आठवण अंगावर येते तेव्हा शरीराला आपण आठ वर्षांचे आहोत असं वाटत असतं, त्याला आजचं वय ऐकवावं लागतं. डोळे मिटून दीर्घ श्वास घेणं सगळ्यांना मानवत नाही, काहींची भीती त्यानं वाढते. तुमचं तसं होत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि तसं सांगा.

पुढचं काम

आठवणींवर काम करण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली. सीबीटीत रुतून बसलेल्या समजुती तपासल्या जातात. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल किंवा आळीपाळीनं डाव्या-उजव्या बाजूला थोपटणं असं काही करतात, आणि ते व्हिडिओ कॉलवरही करता येतं. पद्धतीचं नाव तुम्ही निवडायची गरज नाही. मात्र थेरपिस्ट काय करतोय आणि का, हे विचारायचा हक्क आहे. ‘आज नको’ म्हणायचाही आहे.

काळ महिन्यांत मोजा. वर्ष, दोन वर्षं लागणारे पुष्कळ असतात. मध्ये काही आठवडे आधीपेक्षा वाईट वाटतं. ते सांगा, लपवू नका. वाईट वाटणं चढत जात असेल आणि झोप, जेवण, काम सगळंच ढासळत असेल तर वेग कमी करायची वेळ आली आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. गोळीनं भूतकाळ जात नाही, पण झोप, दडपण आणि उदासी आटोक्यात आली तर थेरपीत बसणं जमतं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर ऑनलाइनही तपासून औषध लिहू शकतात, मात्र नाव-वय लपवून नाही आणि सगळीच औषधं नाहीत. मेडिकलवाल्याकडनं ओळखीवर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-दडपणाच्या गोळ्या घेऊ नका. सवय लागते आणि या आजारावरचा तो मुख्य इलाज नाही. आधीच रोज घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

सेशनच्या दिवशी

आठवडी बाजाराचा दिवस, घरात पाहुणे येण्याचा दिवस, खुरपणीची घाई, या दिवशी वेळ घेऊ नका. कॉल संपल्यावर निदान अर्धा तास मोकळा ठेवा. लगेच मोटारसायकलवर बसून गावाकडं निघू नका, डोकं ठिकाणावर नसतं. आधी चहा घ्या, थोडं चाला. माझ्याकडं येणाऱ्यांना मी मुद्दाम पुढच्या हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत बसायला सांगतो, काही न बोलता. सणावाराच्या आणि लग्नसराईच्या आधी थेरपिस्टला सांगून ठेवा. ज्याच्यामुळं त्रास झाला तो माणूस मांडवात शेजारी बसणार असतो आणि त्याच्या पाया पडायला लावतात. पाया पडायचं की नाही, नाही पडलो तर काय बोलायचं, हे तालीम करून जाता येतं.

घरच्यांना सांगायचं का

सुरुवातीला एकाच माणसाला सांगा, तेही तो पचवू शकेल तर. नवरा किंवा बायको समजूतदार असेल तर त्यांना एवढं पुरे : ‘लहानपणीच्या काही गोष्टींसाठी मी उपचार घेतेय, मंगळवारी संध्याकाळी मला थोडी शांतता लागेल.’ तपशील द्यायचा की नाही आणि कधी, हे तुम्ही ठरवा.

जाब विचारायची उबळ बहुतेकांना मधल्या टप्प्यात येते. भावकी बसवून सगळ्यांसमोर विचारावंसं वाटतं. मी बघितलंय त्यात ‘एवढ्या वर्षांनी कामून उकरतोस?’ हेच उत्तर जास्त वेळा मिळतं, आणि जमिनीच्या वाटणीचा राग त्यात मिसळतो. विचारूच नका असं म्हणत नाही. थेरपिस्टबरोबर बसून आधी ठरवा की समोरचा नाकबूल झाला तर त्या रात्री तुम्ही कुठं राहणार आणि कुणाशी बोलणार. कायद्याची वाट धरायची असेल तर आधी वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी बोला, तिथं महिलांना आणि अल्प उत्पन्न गटाला मोफत मदत मिळते. त्या माणसाच्या घरात आजही लहान लेकरं असतील तर मात्र हा प्रश्न तुमच्या एकट्याचा राहत नाही. १०९८ ला कळवा.

बदलणं आणि थांबणं

चार-पाच भेटींनंतरही बोलताना जीव घुसमटत असेल, तर आधी ते त्याच थेरपिस्टला सांगून बघा. पुष्कळदा तिथंच सुटतं. नाही सुटलं तर बदला. ‘सर नाराज होतील’ म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवणारे बघितलेत. लहानपणी ज्यांना मोठ्यांची मर्जी सांभाळूनच जगावं लागलं, त्यांना नाही म्हणणं सगळ्यात जड जातं. बदलताना आधीच्या कामाचा छोटा सारांश लिहून मागा, म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्यापासनं सांगावं लागत नाही.

बरं वाटायला लागलं की एकदम फोन बंद करू नका. आठवड्याचं पंधरा दिवसांवर आणा, मग महिन्यावर. शेवटच्या भेटीत एक कागद तयार करून घ्या : बिघडायला लागलं तर आधी कोणती खूण दिसते, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, औषध चालू असेल तर कोणतं. एक प्रत तुमच्याकडं, एक त्या भरवशाच्या माणसाकडं. थेरपिस्टचा नंबर मात्र डिलीट करू नका, आणि १४४१६ हा नंबर ‘दवाखाना’ किंवा तुम्हाला जमेल त्या नावानं सेव्ह करून ठेवा.